लिक्समध्ये थीसिसचं टेम्प्लेट ‘अनअव्हेलेबल’ का दिसतं आणि कोणती फाइल कुठे ठेवायची

नेरूळहून एम.ई. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थीसिस ती लिक्स ह्या टाइपसेटिंगच्या प्रोग्राममध्ये लिहिते आहे. गाइडनी तिला सिनियरकडून आलेली एक झिप दिली आणि थीसिस ह्याच साच्यात हवा असं सांगितलं. झिपमध्ये पाच गोष्टी आहेत: एक डॉट सीएलएस फाइल, एक डॉट लेआउट, एक डॉट बीएसटी, एक डॉट लिक्स आणि कॉलेजचा लोगो. तिने ह्या सगळ्या फाइल्स प्रोग्राम फाइल्समधल्या लिक्सच्या लेआउट्स फोल्डरमध्ये टाकल्या, टूल्स मेनूतून रीकॉन्फिगर केलं, लिक्स बंद करून पुन्हा उघडलं. डॉक्युमेंट क्लासच्या यादीत टेम्प्लेटचं नाव आलं, पण त्याच्या आधी ‘अनअव्हेलेबल’ असं लागलेलं. विंडोज आहे, लिक्सला लागणाऱ्या लेटेकसाठी मिकटेक बसवलेला आहे, सबमिशन जवळ आलंय. तिचा प्रश्न एवढाच: फाइल चुकीच्या जागी ठेवली का?

हो, पण सगळ्या नाही. यादीत नाव आलं याचा अर्थ लिक्सने लेआउट फाइल वाचली. ‘अनअव्हेलेबल’ लागलं याचा अर्थ त्या लेआउटला जी क्लास फाइल लागते ती लेटेकला सापडली नाही. लिक्स आणि लेटेक हे दोन स्वतंत्र प्रोग्राम आहेत. लिक्स म्हणजे तुम्ही जिथे टाइप करता ती खिडकी. पान प्रत्यक्षात जुळवतो तो लेटेक, आणि तुमच्याकडे तो मिकटेकमधून येतो. दोघांचे फोल्डर वेगळे आणि लेटेक लिक्सच्या फोल्डरमध्ये जाऊन काहीही शोधत नाही. तुम्ही पाचही फाइल्स लिक्सच्या ताब्यात दिल्यात, त्यातल्या दोन लेटेकच्या होत्या.

मी ठाण्यात नौपाड्यात टाइपसेटिंगचं काम करते. ऐरोलीपासून खारघरपर्यंतची मुलं ट्रान्स-हार्बरने लॅपटॉप घेऊन येतात आणि त्यातल्या पुष्कळांची अडचण हीच असते. झिपसोबत कुठली फाइल कशासाठी आहे हे कोणीच लिहून देत नाही. सिनियरच्या मशीनवर चाललं होतं एवढीच त्या झिपची हमी. तेव्हा जरा सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या माणसालाही उपयोग होईल. कमांड आणि फोल्डरची नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे; स्पेलिंग अडेल तिथे पहिल्यांदा कंसात रोमनही देते. टाइप करताना ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करा.

आधी फाइल्स ओळखू. डॉट सीएलएस ही खरी क्लास फाइल. समास किती, प्रकरणाचं शीर्षक कसं, मुखपृष्ठावर गाइडचं नाव कुठे, हे सगळे नियम तिच्यात असतात आणि ती लेटेकची असते. डॉट बीएसटी संदर्भसूची कशी छापायची ते सांगते. तीही लेटेकच्याच बाजूची, फक्त बिबटेक नावाचा त्याचा सोबती ती वाचतो. डॉट लेआउट लिक्सची. क्लासमधला कुठला नियम लिक्सच्या कुठल्या शैलीला जोडायचा आणि ती शैली पडद्यावर कशी दिसावी, एवढंच तिचं काम. डॉट लिक्स हा नमुन्यादाखल भरलेला दस्तऐवज. लोक ज्याला टेम्प्लेट म्हणतात तो बहुतेक वेळा हाच असतो, आणि गंमत अशी की तो स्वतः काहीही ठरवत नाही, बाकीच्या फाइल्स जागेवर असतील तरच चालतो. लोगो तुमच्या थीसिसच्या फोल्डरमध्ये राहू द्या.

आता लेटेकची बाजू. मिकटेकच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये काहीही टाकू नका, तो अपडेट होताना तिथली उलथापालथ तोच करतो. तुमचं वेगळं झाड तयार करा. सी ड्राइव्हवर लोकलटेक नावाचा फोल्डर करा; नावात मोकळी जागा नको, देवनागरी अक्षरं नकोत. त्यात टेक्स (tex), त्याच्या आत लेटेक्स (latex), त्याच्या आत तुमच्या क्लासच्या नावाचा फोल्डर, आणि त्यात डॉट सीएलएस. बीएसटीसाठी त्याच लोकलटेकमध्ये बिबटेक्स (bibtex), त्यात बीएसटी (bst), त्यात पुन्हा क्लासच्या नावाचा फोल्डर. ही उतरंड मी मनाने सांगत नाहीये. टेक म्हणजे लेटेक ज्यावर उभा आहे तो मूळ प्रोग्राम; त्याच्या सगळ्या वितरणांमध्ये, म्हणजे मिकटेकसारख्या तयार संचांमध्ये, फाइल्सची मांडणी ठरलेली आहे आणि शोध त्याच मांडणीने चालतो. क्लास फाइल थेट लोकलटेकमध्ये ठेवली तर ती दिसणार नाही.

मग मिकटेक कन्सोल उघडा, सेटिंग्जमध्ये डिरेक्टरीज टॅबवर जा आणि अधिकच्या चिन्हावर क्लिक करून लोकलटेक हा फोल्डर जोडा. सगळ्यात वरचा फोल्डर जोडायचा, आतला टेक्स नाही. इथे खूप जण चुकतात. त्यानंतर टास्क्स मेनूतून फाइलनेम डेटाबेस रिफ्रेश करा. ग्रंथालयात नवं पुस्तक कपाटात ठेवलं पण रजिस्टरात चढवलं नाही तर मागणाऱ्याला ‘नाही’ असंच उत्तर मिळतं, तसंच हे: मिकटेक डिस्क चाळत बसत नाही, स्वतःची यादी पाहतो. मिकटेक मशीनवरच्या सगळ्या युजर्ससाठी बसवलेला असेल तर कन्सोल युजर मोडमध्ये आणि ॲडमिन मोडमध्ये वेगवेगळी कामं करतो. कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडमिनचा पासवर्ड नसतोच. तिथे युजर मोडमध्ये फोल्डर जोडा, तेवढं पुरतं.

ह्या टप्प्यावर थांबा आणि खात्री करा, लिक्सकडे लगेच वळू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून केपीएसईविच (kpsewhich) लिहा, एक जागा सोडून क्लास फाइलचं पूर्ण नाव डॉट सीएलएससकट लिहा आणि एंटर मारा. फाइलचा पूर्ण पत्ता छापून आला तर लेटेकची बाजू झाली. काहीच न छापता प्रॉम्प्ट परत आला तर लेटेकला ती अजून सापडत नाहीये, आणि तोवर लिक्समध्ये कितीही वेळा रीकॉन्फिगर केलं तरी ‘अनअव्हेलेबल’ हटणार नाही. मी कुणाचाही लॅपटॉप हातात घेतला की सगळ्यात आधी हीच एक ओळ टाइप करते. अर्ध्याहून जास्त गोंधळ तिथेच मिटतो.

लिक्सची बाजू सोपी आहे. हेल्प मेनूत अबाउट लिक्स उघडा, तिथे युजर डिरेक्टरीचा पत्ता दिलेला असतो. विंडोजवर तो साधारणपणे तुमच्या युजर फोल्डरच्या आत ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात लिक्स आणि आवृत्तीचा आकडा, असा असतो. ॲपडेटा लपवलेला असतो म्हणून शोधत बसू नका, तो पत्ता कॉपी करून एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत चिकटवा. त्यातल्या लेआउट्स फोल्डरमध्ये डॉट लेआउट आणि टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये डॉट लिक्स ठेवा. फोल्डर नसतील तर बनवा. प्रोग्राम फाइल्समध्ये टाकलेल्या सगळ्या प्रती काढून टाका. तिथल्या फाइल्स लिक्सची नवी आवृत्ती बसवताना जाऊ शकतात, शिवाय दोन ठिकाणी एकाच नावाच्या फाइल्स असल्या की आपण बदल एकीत करतो आणि चालते दुसरी. एक लक्षात ठेवा, पत्त्यात आवृत्तीचा आकडा असल्यामुळे लिक्स 2.3 वरून 2.4 वर गेलात तर युजर डिरेक्टरी नवी होते आणि तुमचं लेआउट तिथे हाताने न्यावं लागतं.

मग टूल्समधून रीकॉन्फिगर, लिक्स पूर्ण बंद, पुन्हा सुरू. क्रम हाच: आधी लेटेकची फाइल, मग तिचा डेटाबेस, मग लिक्सचं लेआउट, शेवटी रीकॉन्फिगर. रीकॉन्फिगर करताना लिक्स प्रत्येक लेआउटसाठी लेटेककडे चौकशी करतो आणि उत्तरं स्वतःपाशी नोंदवून ठेवतो. तुम्ही क्लास फाइल त्यानंतर बसवली तर लिक्सच्या नोंदीत जुनं उत्तरच राहतं.

इतकं करूनही ‘अनअव्हेलेबल’ गेलं नाही आणि केपीएसईविच मात्र पत्ता दाखवतोय, असं झालं तर लेआउट फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ती साधी मजकुराची फाइल असते. अगदी सुरुवातीला # ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील. पहिलीत ‘खालची ओळ काढू नका’ अशा अर्थाची सूचना असते आणि ती खरोखर पाळायची आहे, कारण रीकॉन्फिगर त्याच ओळी वाचतं. दुसऱ्या ओळीत डिक्लेअर-लेटेक-क्लास अशी घोषणा असते आणि तिच्यापुढे महिरपी कंसात यादीत दिसणारं नाव. मधे चौकोनी कंस असेल तर त्यातलं पहिलं नाव हे क्लास फाइलचं, आणि त्यानंतर स्वल्पविरामाने दिलेली नावं म्हणजे सोबत लागणाऱ्या इतर फाइल्स. चौकोनी कंस नसेल तर लेआउट फाइलचं जे नाव तेच क्लासचं नाव असं लिक्स धरून चालतो.

माझ्या अनुभवात झिपमधून आलेल्या लेआउटचा घोटाळा बहुतेक वेळा ह्या ओळीत असतो. सिनियरने लेआउट फाइलचं नाव बदलून त्यात वर्ष घातलेलं असतं, पण क्लासचं नाव जुनंच; चौकोनी कंस नाही; मग लिक्स नव्या नावाची क्लास शोधत राहतो आणि ती कुठेच नसते. उपाय दोन: लेआउटचं नाव पुन्हा क्लाससारखं करा, किंवा घोषणेत चौकोनी कंस घालून क्लासचं खरं नाव लिहा. दुसरी शक्यता अशी की क्लास सापडली आहे पण कंसातली एखादी डॉट एसटीवाय फाइल, म्हणजे लेटेकच्या एखाद्या जोड-पॅकेजची फाइल, नाही. ‘अनअव्हेलेबल’ असलेला क्लास निवडल्यावर जो इशारा येतो त्यात कमी पडलेल्या फाइल्सची नावं दिलेली असतात. ती खिडकी न वाचता बंद करू नका. ते पॅकेज मिकटेक कन्सोलमधून बसवा आणि पुन्हा रीकॉन्फिगर.

काही किरकोळ कारणंही असतात, पण तीच जास्त वेळ खातात. विंडोज फाइलनावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे नोटपॅडमधून सेव्ह केलेली फाइल डॉट लेआउट दिसते आणि खरं तर डॉट लेआउट डॉट टीएक्सटी असते. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून एक्स्टेन्शन दाखवायला लावा. तीच फाइल दोनदा डाउनलोड केली की नावापुढे कंसात आकडा लागतो आणि त्या नावाची क्लास कुणीच मागितलेली नसते. आणि झिप उघडून पाहणं म्हणजे ती एक्स्ट्रॅक्ट करणं नव्हे.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते. सगळ्यात मोठी गोष्ट अशी की तुम्हाला बाहेरून फाइल आणायची गरज आहे का? कॉलेजची क्लास असेल तर दुसरा मार्ग नाही. पण अनेक जण आयईईईट्रॅन किंवा एल्सआर्टिकलसारख्या जर्नलच्या क्लास कुठल्या तरी ब्लॉगवरून उतरवतात आणि हाताने बसवतात. हे कृपया करू नका. ह्या क्लास सीटॅन ह्या टेकच्या मध्यवर्ती साठ्यात आहेत, मिकटेक आणि टेक लाइव्ह (मिकटेकसारखंच दुसरं वितरण) दोन्हींतून अधिकृतपणे बसवता येतात आणि त्यांची लेआउट्स लिक्सबरोबरच येतात. तिथे ‘अनअव्हेलेबल’ दिसलं तर फक्त पॅकेज बसवून रीकॉन्फिगर करायचं. मिकटेक कन्सोलमध्ये नाव शोधा. उबंटूवर टेक लाइव्ह पब्लिशर्स हे पॅकेज घ्या. हाताने बसवलेल्या प्रतीचा धोका पुढे कळतो. टेक लाइव्हमध्ये तुमच्या स्वतःच्या झाडातली फाइल वितरणातल्या फाइलच्या आधी सापडते, मिकटेकमध्ये डिरेक्टरीजच्या यादीत वर असलेला फोल्डर आधी पाहिला जातो. म्हणजे अधिकृत पॅकेज कितीही वेळा अपडेट झालं तरी तुमच्या कागदावर त्या ब्लॉगची जुनी प्रत चालू राहते. जर्नलकडून ‘जुना फॉरमॅट वापरला’ म्हणून पेपर परत आला की आधी केपीएसईविचने पाहा, लेटेक नेमकी कुठली प्रत उचलतोय.

विंडोजऐवजी लिनक्स असेल तर काम कमी आहे. घरच्या डिरेक्टरीत टेक्सएमएफ (texmf) नावाचा फोल्डर करा, आत तीच टेक्स, लेटेक्स ही उतरंड, बस. टेक लाइव्ह हा फोल्डर दर वेळी थेट पाहतो, डेटाबेस ताजा करावा लागत नाही. मॅकवर हाच फोल्डर घरच्या लायब्ररीच्या आत असतो. लॅबमध्ये सगळ्यांसाठी बसवायचं असेल तर टेक्सएमएफ-लोकल वापरा. तिथे मात्र फाइल ठेवल्यावर एमकेटेक्सएलएसआर (mktexlsr) ही कमांड चालवावी लागते. वर्षाच्या आकड्याच्या फोल्डरमधल्या टेक्सएमएफ-डिस्टमध्ये स्वतःचं काही ठेवू नका. टेक लाइव्ह दर वर्षी नव्या फोल्डरमध्ये बसतं आणि जुन्यात ठेवलेलं तिथेच राहून जातं.

झिपमध्ये डॉट सीएलएसऐवजी डॉट आयएनएस आणि डॉट डीटीएक्स अशी जोडी असेल तर घाबरू नका. डॉट आयएनएसवर लेटेक चालवा, क्लास फाइल त्यातून बाहेर पडते. पुढचं सगळं तसंच.

डॉट लेआउट नसेलच तर? हे वारंवार होतं, कारण क्लास लिहिणारे बहुतेक लोक लिक्स वापरत नाहीत. कामापुरतं लेआउट स्वतः बनवता येतं. वर सांगितलेल्या दोन सुरुवातीच्या ओळी, मग तुमच्या लिक्समधल्याच एखाद्या लेआउटमधून उचललेली फॉरमॅटची ओळ, आणि मग इनपुट म्हणून रिपोर्ट डॉट लेआउट किंवा बुक डॉट लेआउट. क्लास रिपोर्टवर बेतलेली आहे की बुकवर, हे क्लास फाइलमध्ये लोडक्लास (LoadClass) शब्द शोधला की कळतं. गाइडचं नाव, विभाग, सीट नंबर अशा क्लासच्या खास कमांड दस्तऐवजात इन्सर्ट मेनूतल्या टेक कोडच्या चौकटीत लिहा. दिसायला ते सुबक नाही, पण एका थीसिससाठी पुरेसं आहे. सगळ्या बॅचला वापरायचं असेल तर हेल्प मेनूतलं कस्टमायझेशन हे पुस्तक वाचा. नवी क्लास आणि लेआउट बसवण्यावर त्यात पूर्ण प्रकरण आहे आणि ते खरोखर चांगलं लिहिलेलं आहे.

तुम्ही विचारलेलं नाही, पण नेरूळ-ठाण्याकडच्या मुलांचा प्रश्न हमखास इथे अडतो: इंग्रजी थीसिसला मराठी सारांश जोडायचा असतो. कॉलेजची क्लास बहुधा पीडीएफलेटेक, म्हणजे लेटेकचं नेहमीचं जुनं इंजिन, डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते, आत टाइम्स फॉन्टचं जुनं पॅकेज बोलावलेलं असतं. तिथे देवनागरी टाइप केली की ‘हे युनिकोड अक्षर लेटेकसाठी सेट केलेलं नाही’ अशी चूक येते. ती घालवायला लोक डॉक्युमेंट सेटिंग्जमध्ये फॉन्टखाली नॉन-टेक फॉन्ट निवडून झीटेकवर, म्हणजे युनिकोड आणि मशीनवरचे फॉन्ट थेट वापरणाऱ्या इंजिनवर, जातात. मग चूक येत नाही, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर अक्षरंही येत नाहीत. लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरॅक्टर’च्या ओळी साचत जातात आणि पानावर कोरी जागा. त्यातून समास आणि शीर्षकांचं टाइप बदललं तर तपासणारे थीसिस परत पाठवतात.

माझं मत स्पष्ट आहे: सबमिशन तोंडावर असताना कॉलेजच्या क्लासशी झटू नका. मराठी सारांश वेगळ्या दस्तऐवजात, साध्या आर्टिकल क्लासमध्ये, झीटेक लावून करा. फॉन्ट म्हणून आयआयटी मुंबईने तयार केलेला शोभिका घ्या. तो मुक्त आहे आणि सीटॅनवरही मिळतो. भाषा मराठी ठेवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. समास थीसिसइतकेच ठेवा, पानाचा क्रमांक बंद करा, पीडीएफ बनवा. मग मुख्य थीसिसमध्ये पीडीएफपेजेस पॅकेजने ते पान जोडा. लिक्समध्ये इन्सर्टखाली फाइल, मग एक्स्टर्नल मटेरियल असा मार्ग आहे. क्लासला हात लागत नाही आणि मराठी मजकूर मराठीसारखा दिसतो. ज्या भाषेत घरचे तुमचं काम वाचणार आहेत ते पान तरी जोडाक्षरं न तुटता छापलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

क्लास एकदा चालली की बाइंडिंग होईपर्यंत मिकटेक आणि लिक्स अपडेट करू नका. लोकलटेक आणि लिक्सची युजर डिरेक्टरी हे दोन फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. लॅपटॉप बदलला तरी फोल्डर जोडणं, रिफ्रेश आणि रीकॉन्फिगर एवढ्यावर काम भागतं. लॅपटॉपवर अजिबातच जमत नसेल आणि लिक्सचा आग्रह नसेल तर क्लास, बीएसटी आणि लोगो ओव्हरलीफ ह्या ब्राउझरमध्ये लेटेक चालवणाऱ्या साइटवरच्या प्रोजेक्टमध्ये अपलोड करून थेट लेटेकमध्ये लिहा. तिथे क्लास दस्तऐवजाशेजारी असली की चालते. लिक्समध्ये तसं धरून चालू नका, कारण रीकॉन्फिगर तुमच्या थीसिसच्या फोल्डरमध्ये पाहत नाही.

तरीही अडलात तर तीन गोष्टी लिहून कळवा: केपीएसईविचने काय छापलं, लेआउट फाइलच्या पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा, आणि युजर डिरेक्टरीतल्या कॉन्फिगर डॉट लॉगमध्ये तुमच्या क्लासचं नाव जिथे येतं ती ओळ. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून द्या. तेवढ्यावरून अडचण लेटेककडे आहे की लिक्सकडे हे सांगता येईल.